गिझरमधला दांडा आणि हाडातला स्क्रू

सोलापुरात आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीवर पांढरं पुट चढतं. परवा गिझर उघडला तेव्हा मेकॅनिकनं आतला मॅग्नेशियमचा दांडा काढून दाखवला. मधली तार आणि तिला चिकटलेले खडबडीत तुकडे, एवढंच उरलं होतं. "ह्यानं मार खाल्ला म्हणून टाकी वाचली बघा सर."

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी मोबाइलवर फिरणारा मजकूर दाखवला: हाडात विरघळणारा स्क्रू आला, आता प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन नाही! काकूंच्या मनगटात प्लेट आहे. "मग मला का नाही ओ घातला?"

हा विरघळणारा स्क्रू बहुधा त्या दांड्याच्याच धातूचा असतो. मॅग्नेशियम शरीराला परकं नाही. माणसाच्या अंगात ते सुमारे 25 ग्रॅम असतं, निम्म्याहून अधिक हाडांत. ताठपणाही हाडाच्या जवळचा: मॅग्नेशियम सुमारे 45 गिगापास्कल, टायटॅनियमचा मिश्रधातू 110, स्टील 200 च्या आसपास. फार ताठ प्लेट सगळा भार स्वतःच घेते आणि काम नसलेलं हाड विरळ होत जातं.

अडचण विरघळण्याच्या वेगाची आहे. पाण्याशी गाठ पडली की मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड होतं आणि हायड्रोजन सुटतो. 1 ग्रॅम धातूमागे जवळपास 1 लिटर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्जियमचे सर्जन लांबोत यांनी एका मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची प्लेट पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत प्लेटचा भुगा झाला आणि कातडीखाली वायू साठला. लांबोत यांनी नकळत पायात गिझरच बसवला होता! दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती खारट पाणी असलं की ज्याला इलेक्ट्रॉन सोडायची घाई जास्त, तो झिजतो. ही घाई मोजतात प्रमाण विभवानं, जितकं जास्त उणे तितकी घाई जास्त: मॅग्नेशियमचं उणे 2.37 व्होल्ट, लोखंडाचं उणे 0.44. झिजणार कोण ते ठरलेलंच.

मग ॲल्युमिनियम का टिकतं? त्याच्यावरही ऑक्साइडचाच थर असतो. पण 100 घन मिलिमीटर ॲल्युमिनियमपासून सुमारे 128 घन मिलिमीटर ऑक्साइड होतं, मॅग्नेशियमपासून फक्त 81. पलंग शंभराचा आणि चादर एक्याऐंशीची! चादरींच्या गावात हे वेगळं समजवायला नको. ताणलेली चादर फाटते, भेगांतून पाणी शिरतं. हायड्रॉक्साइडचा थर काही काळ आडोसा देतो, पण रक्तातलं क्लोराइड त्याला विरघळणाऱ्या क्षारात बदलतं. शिवाय तो थर टिकायला भोवताल अल्कधर्मी लागतो आणि शरीर सामू (pH) 7.4 वरून हलू देत नाही.

म्हणून आवरण. इथे पितळेवरची कल्हई आठवेल, पण मॅग्नेशियमला कल्हई घातक. कथलाच्या थरात सुईएवढं छिद्र राहिलं तरी मोठ्या कथलाविरुद्ध इवलंसं उघडं मॅग्नेशियम, म्हणजे पुन्हा गिझर, आणि सगळी झीज त्या एका ठिपक्यात. आवरण हवं ते वीज न वाहणारं.

मला सगळ्यात आवडणारी रीत वरून काही फासतच नाही. स्क्रू सिलिकेट किंवा फॉस्फेटच्या अल्कधर्मी द्रावणात बुडवून धन टोकाला जोडतात आणि काहीशे व्होल्ट देतात. पृष्ठभागावर बारीक ठिणग्यांचा सडा पडतो. प्रत्येक ठिणगीखाली क्षणभर धातू वितळून ऑक्साइड होतो आणि गोठतो. थर धातूतूनच उगवलेला, त्यामुळे सहसा पापुद्र्यासारखा सुटत नाही. ठिणग्यांच्या वाटा मात्र छिद्रं होऊन राहतात. ती बुजवायला वर पॉलिलॅक्टिक आम्लाचं बहुवारिक (पॉलिमर) किंवा हाडातल्या खनिजाच्या जातीचं हायड्रॉक्सिॲपेटाइट देतात. आणि हे सगळं पुढे हरायलाच हवं: हाड सांधेपर्यंत तग, मग हळूहळू माघार. अभेद्य आवरण घातलं तर स्क्रू विरघळणारच नाही.

जाता जाता: गड्ड्याच्या यात्रेत हाडं बळकट करणारी चुंबकाची कडी घेऊ नका. मॅग्नेट आणि मॅग्नेशियम ही नावं एकाच ग्रीक प्रदेशावरून आली, नातं तेवढंच.

काकूंना सांगितलं, असे स्क्रू खरेच आहेत. जर्मनीतल्या एकाला 2013 मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण त्याचा वेग मुख्यतः मिश्रधातूनंच आवरलाय आणि ते वापरतात पायाच्या अंगठ्यासारख्या लहान हाडांत. मोठा भार पेलणाऱ्या प्लेटांचं गणित अजून अवघड आहे. काकूंची प्लेट टायटॅनियमची निघाली. त्रास नसेल तर राहू द्या, असं त्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.