सौर वीज, नागपूर परिसरातील

नागपूर शहर आणि जिल्ह्यात प्रकाशविद्युत पटलांपासून (प्रचलित शब्द : पॅनल) तयार होणारी व बहुतांशी महावितरणच्या जाळ्याला जोडलेली वीज. पाणी तापवणारे सौर बंब आणि सौर चुली यांचा विचार या नोंदीत केलेला नाही. नागपूर सुमारे २१°०९′ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर आहे. जिल्हा मुळात कोळशाच्या विजेचा. कोराडी, खापरखेडा आणि मौदा या तीन औष्णिक केंद्रांचीच क्षमता साडेपाच हजार मेगावॅटच्या वर जाते आणि वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालयही नागपुरातच आहे. या पार्श्वभूमीवर सौर विजेने शहरात जागा मिळवली ती प्रामुख्याने घरांच्या गच्च्यांवर.

आरंभ : नागपुरात सौर विजेचा आरंभ कधीपासून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. केंद्र शासनाचा ‘सोलर सिटी’ कार्यक्रम फेब्रुवारी २००८ च्या सुमारास सुरू झाला. पारंपरिक ऊर्जेची अंदाजित मागणी पाच वर्षांत किमान १० टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. चंडीगड, गांधीनगर आणि म्हैसूर यांच्या जोडीने नागपूरची ‘आदर्श सौर शहर’ म्हणून निवड झाली. काही जण येथूनच इतिहास सुरू करतात. विदर्भाच्या पातळीवर पाहायचे तर महानिर्मितीचा चंद्रपूर येथील एक मेगावॅटचा प्रकल्प (सु. २०१०) हा आधीचा टप्पा मानता येईल. मात्र शहर निवडले जाणे आणि शहरात वीज तयार होणे या भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे नेट मीटरिंगचे विनियम २०१५ मध्ये आले आणि घरगुती ग्राहकाला आपली जादा वीज जाळ्यात सोडून तिचा हिशेब मागण्याची रीतसर सोय झाली. प्रत्यक्ष वापराचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

ऊन आणि उष्णता : नागपूरचे ऊन कडक, म्हणून येथे वीज भरपूर, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पॅनलला प्रकाश हवा असतो; उष्णता त्याला मारक ठरते. पॅनलच्या पाठीवर छापलेली क्षमता ही पेशीचे (पॅनलमधील प्रकाशाची वीज करणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीचे) तापमान २५° से. आणि प्रकाशाची तीव्रता दर चौ. मी. ला १,००० वॅट असताना प्रयोगशाळेत मोजलेली असते. मे महिन्यात दुपारी हवेचे तापमान ४५° से. असेल, तर पेशी ६५° ते ७०° से. पर्यंत तापते. सिलिकॉन पेशींची शक्ती २५° से. च्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. ५५० वॅटचे एक पॅनल घेऊ आणि घटीचा दर ०.३५ टक्के धरू. पेशी ६५° से. वर असताना ४० अंशांची वाढ होते, म्हणजे १४ टक्के घट. उरतात सुमारे ४७३ वॅट. धूळ, तारा आणि इन्व्हर्टर (पॅनलची एकदिश वीज घरच्या वापराच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणारे यंत्र) यांमुळे होणारी घट वेगळी.

तरीही वर्षातील सर्वाधिक युनिट सामान्यतः मार्च ते मे या काळातच मिळतात, कारण दिवस मोठा, आभाळ स्वच्छ आणि सूर्य डोक्यावर. मेच्या अखेरच्या आठवड्यात व जुलैच्या मध्यास तो दुपारी अगदी माथ्यावर येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र क्षितिजापासून जेमतेम ४५° चढतो. हिवाळ्यात थंड पॅनल मिळालेल्या प्रकाशाचा उत्तम उपयोग करते, पण प्रकाशाचे तासच कमी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन सर्वांत खाली येते. सर्व ऋतू मिळून एक किलोवॅट क्षमतेमागे महिन्याला सरासरी १२० युनिट हा महावितरणचा ठोकताळा नागपूरलाही लागू पडतो.

सौर संचाचा आराखडा करताना कमाल तापमानाचा आकडा सावधपणे निवडावा. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील स्वयंचलित केंद्रावर ५६° से. ची नोंद झाली आणि देशभर गाजली. पुढे हवामान विभागाने ती संवेदकातील दोषामुळे झाल्याचे स्पष्ट केले. आराखड्यासाठी मे २०१३ मधील ४७.९° से. ही नोंद आधारभूत धरणे योग्य. थंडीचा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण पॅनल थंड झाले की त्याचा व्होल्टेज वाढतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५° से. पर्यंत उतरला होता. एका माळेत (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलांच्या ओळीत) किती पॅनल जोडायचे हे अशा पहाटेनंतरच्या पहिल्या उन्हावरून ठरवावे लागते. ते केवळ उन्हाळा पाहून ठरवले, तर इन्व्हर्टरची व्होल्टेज मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका राहतो.

गच्चीवरील मांडणी : पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाच्या जवळपासच्या कोनात बसवतात. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची इमारत यांची सावली पाहून जागा ठरते. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीदेखील माळेचे उत्पादन ओढून खाली आणू शकते. पॅनल पुरेशा उंचीच्या लोखंडी सांगाड्यावर घेतले, की खाली कुरडया-पापडांच्या वाळवणाला आणि उन्हाळ्यात झोपायला गच्ची मोकळी राहते, शिवाय पाठीमागून वारा खेळल्याने पॅनल काहीसे थंड राहते. मात्र वादळी वाऱ्यासाठी सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये पक्के बांधावे लागतात. धूळ सकाळी, पॅनल तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुतात; भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्यास ती तडकू शकते. नागपुरात दुपारी कूलर, पंखे व एसी एकदम चालतात आणि पॅनलही त्याच वेळी वीज देत असते. हा मेळ हिवाळ्यात दिसत नाही. जाळ्यातील वीज गेली, की साधा ऑन-ग्रीड (जाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला) संचही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही तरतूद आवश्यकच आहे, पण बसवून देणारे ती ग्राहकाला आधी समजावून सांगत नाहीत, हे योग्य नव्हे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रु. आणि तिसऱ्याला १८,००० रु., असे कमाल ७८,००० रु. अनुदान आहे. या योजनेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे. महामेट्रोनेही नागपूर मेट्रोच्या स्थानकांवर पॅनल बसवले असून, गरजेच्या सुमारे ६५ टक्के वीज सौर स्रोतांतून घेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते.

शेतीपंप : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर लहान सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यावी, ही तिची कल्पना. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत रात्रपाळीच्या विजेवर ओलित करताना साप-विंचवाचे भय बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

वारा आणि मोठे विकासक : पवन वीज नागपूर परिसरात जवळजवळ नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते, त्यामुळे वेगातील थोडी उणीवही फार महागात पडते. राज्यातील पवनचक्क्या वनकुसवडे (सातारा), ढालगाव (सांगली), ब्रह्मणवेल (धुळे) अशा पठारांवर एकवटल्या आहेत. तेथे त्यांचा भर जून ते सप्टेंबरमध्ये असतो, म्हणजे नागपूरची पॅनले ढगांखाली असतात तेव्हाच. दोन्ही स्रोत एकत्र करून विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा व्यवसाय या परस्परपूरकतेवर उभा आहे. उदाहरणार्थ, २०११ मध्ये स्थापन झालेल्या रिन्यू या गुरुग्राममधील कंपनीने जसदण (गुजरात) येथील २५.२ मेगावॅटच्या पवन प्रकल्पापासून सुरुवात केली आणि पुढे सौर व संकरित प्रकल्प उभारले. २०२१ मध्ये ती अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. अशा कंपन्या बोलीतून प्रकल्प मिळवतात, बहुधा २५ वर्षांचा वीज खरेदी करार करतात आणि त्याच्या तारणावर कर्ज उभारतात. त्यांच्या जाहिरातींतील मेगावॅट वाचताना भान ठेवावे. एक मेगावॅटची गच्चीवरील सौर क्षमता वर्षाला साधारण १४ लाख युनिट देते. तेवढ्याच क्षमतेचा कोळसा संच ७० टक्के भारावर चालल्यास सुमारे ६१ लाख.

उद्योग : अवादा समूहाचा पॅनल निर्मितीचा कारखाना बुटीबोरी औद्योगिक क्षेत्रात आहे. निकामी पॅनलांचा समावेश ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये करण्यात आला असून हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गच्चीवरील बहुतेक संच अजून नवे असल्याने त्यांची मोठ्या प्रमाणावरील विल्हेवाट हा पुढील काळाचा विषय आहे.