गप्प पडलेली तार

16 मे 2021 चा रविवार. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. सोमवारी उजाडलं तेव्हा पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर रस्त्यात एक माड आडवा होता. पडता पडता त्याने 11 केव्हीची, म्हणजे 11,000 व्होल्टची, तारही खाली ओढली होती. एक टोक खांबावर, दुसरं ओल्या गवतात. ना ठिणगी, ना आवाज. शेजारचे काका बांबू घेऊन पुढे सरसावले. “रात्रीपासून लाईट नाही, करंट येतोय कुठून?”

घरातली लाईट ट्रान्स्फॉर्मरचा फ्यूज उडाल्यानेही जाते. वरची 11 केव्हीची तार तेव्हाही चालूच असू शकते. मग तार जमिनीला टेकल्यावर सबस्टेशनातला ब्रेकर, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, पडायला नको? दर वेळी पडतोच असं नाही. त्याला मोठा करंट लागतो. डांबर, चिऱ्यांचा गडगा, कोरडी माती यांतून तो इतका थोडा वाहतो की सबस्टेशनाला चार घरांचे पंखे चालू झाल्यासारखं वाटतं. आणि ब्रेकर पडला, तरी थोड्या वेळाने ‘ट्राय’ घेतात, म्हणजे लाईन पुन्हा चालू करून बघतात. काकांचा बांबू नेमका त्याच क्षणी तारेवर असला तर? 11,000 व्होल्टपुढे भिजलेला बांबू कसला आडोसा देणार! पायातल्या चपलांचंही तेच.

तारेला हात न लावताही माणूस मरू शकतो, हे मात्र फार जणांच्या ध्यानात येत नाही. तारेतली वीज जमिनीत शिरते आणि चहूकडे पसरते. समजा, तारेच्या टोकापासून 1 मीटरवर जमिनीत 600 व्होल्ट आहेत. अंतर दुप्पट झालं की साधारण निम्मे उरतात: 2 मीटरवर 300. म्हणजे एक पाय इथे आणि दुसरा तिथे पडला, तर दोन पायांत 300 व्होल्टचा फरक. घरातल्या सॉकेटमध्ये 230 असतात. तेच 10 मीटरवर 60 आणि 11 मीटरवर जेमतेम 55. फरक पाचेक व्होल्टचा. म्हणून तारेपासून निदान 10 मीटर लांब राहायचं. चुकून जवळ गेलातच, तर ढांगा टाकून पळू नका. पावलं एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत मागे सरका. गुरं अशा वेळी पटकन दगावतात, कारण पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त आणि काळीज मधोमध.

तार गाडीवर पडली, तर आतच बसून 1912 ला फोन करावा. गाडी पेटलीच तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची. एक हात दारावर आणि पाय जमिनीवर, असं क्षणभरही होता कामा नये.

आमच्याकडे दुपारी लाईनमन आला. त्याने सप्लाय बंद करून घेतला, तरी तारेला हात लावला नाही. आधी तार जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी अडकवली, मग विचारलं, “वाड्यावर जनरेटर कोणाचा चालू आहे?” चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) न बसवता घराला जोडलेला जनरेटर ट्रान्स्फॉर्मरमधून उलटा चढतो आणि 230 चे परत 11,000 करून त्याच तारेत सोडतो.

कोणी काही बोललं नाही. काका बांबू गडग्याला टेकवून घरात गेले, आणि मागच्या पडवीतली घरघर थांबली.