दीड तासाची सिटिंग अर्ध्यावर सोडून उठू नका
(ईएमडीआर उपचारासाठी येणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना)

अपघात, भाजणं, मारहाण, अत्याचार, घरातल्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू. अशा प्रसंगाची आठवण वर्षं उलटली तरी पिच्छा सोडत नसेल, तर त्यासाठी आमच्याकडे ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग), म्हणजे डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारा मानसोपचार केला जातो. तुमच्यापैकी बरेचजण मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन येतात, काहीजण मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात. समोरच्याचं बोट हलतं आणि आपण मान न हलवता नजरेनं त्याच्या मागे जायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचे प्रश्न मात्र काउंटरवर रोज तेच येतात, म्हणून हे पत्रक.

हे संमोहन नाही. तुम्ही पूर्ण जागे असता, हात वर करून कधीही थांबवू शकता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी ही पद्धत मांडली, त्यांचा पहिला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या त्रासासाठी जे मानसोपचार सुचवले, त्यांत हाही आहे. डोळ्यांच्या हालचालीचा यात नेमका वाटा किती, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पटण्याजोगं एक स्पष्टीकरण असं: आठवण मनात धरून त्याच वेळी बोटाचा माग काढायचा म्हटलं की लक्ष दोन्हीकडे पुरत नाही, आणि आठवणीची धार कमी होते. आठवण पुसली जात नाही. ती आली की छातीत धडधड होणं, घाम फुटणं हे ओसरतं.

घडलेलं सगळं तपशिलानं सांगावं लागत नाही, हा याचा मोठा फायदा. अनेक बायका एवढ्यासाठीच हा उपचार निवडतात. मनातलं तेलुगूत किंवा कन्नडमध्ये आलं तरी काही बिघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही दीड तासाची वेळ देतो आणि लोक तासाभरातच घड्याळ बघायला लागतात. कुणाची बार्शीची एसटी असते, कुणाची कारखान्यात पाळी, कुणाला शाळेतून पोरं आणायची असतात.

समजा, मोहोळजवळ हायवेवर तुमचा अपघात झाला होता. समोरून आलेल्या ट्रकचा लाईट डोळ्यांपुढून जात नाही. त्रास किती, ते ० ते १० मध्ये सांगायचं असतं. तुम्ही सांगता ८. बोट पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे जातं, थांबतं. लांब श्वास घ्या, आता काय येतंय? लाईट. पुन्हा बोट. आता काचेचा आवाज. पुन्हा. आता मागच्या सीटवरची आई. आकडा ५ वर येतो आणि मोबाईल वाजतो, रिक्षा खाली आली आहे. तुम्ही उठता. टाके घालायच्या आधीच टेबलावरून उठून जाण्यासारखं आहे हे. शेवटची वीस मिनिटं आम्ही मुद्दाम राखून ठेवतो. त्यात अंगात कुठे ताण उरलाय ते बघतो, राहिलेलं पुढच्या भेटीपर्यंत मनात बाजूला कसं ठेवायचं ते करून घेतो, आणि तुम्ही शांत झाल्याशिवाय सोडत नाही. हे न करता गेलात की रात्री तोच लाईट जागं करतो आणि सकाळी घरच्यांचा फोन येतो, ‘त्रास कमी व्हायच्याऐवजी वाढला.’ मग पुढच्या सिटिंगचा निम्मा वेळ ते सावरण्यात जातो, पैसेही तुमचेच जातात. अशा अवस्थेत स्वतः गाडी चालवत जाणं धोक्याचं, ते वेगळंच.

म्हणून त्या दिवशी पुढे दुसरं काम ठेवू नका. गावाहून येणाऱ्यांना सकाळची पहिली वेळ देतो, पाळीवाल्यांना सुट्टीचा वार. फक्त नाव नोंदवताना सांगा.

सिटिंग पूर्ण झाली तरी दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं पडणं, मधेच जुनं काही आठवणं होऊ शकतं. चार ओळी लिहून ठेवा, पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करतो. झेपत नसेल तर वाट न बघता फोन करा.

‘पहिल्याच दिवशी बोटाचं का करत नाही?’ असं विचारणाऱ्यांना सांगायचं, तर या उपचाराचे आठ टप्पे आहेत आणि बोटाचं काम तिसऱ्यानंतर येतं. आधी माहिती घ्यायची, मग स्वतःला शांत कसं करायचं ते शिकवायचं. घाईत हे टाळून काम लवकर उरकल्याचं दाखवणं सोपं आहे, आम्ही ते करत नाही. एकाच प्रसंगाचा त्रास असेल तर थोड्या भेटींत फरक दिसू शकतो. लहानपणापासून सोसलेलं असेल तर वेळ लागतो. म्हणूनच आम्ही पॅकेज विकत नाही, दर सिटिंगची फी त्या दिवशीच घेतो. व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. पोराचं अभ्यासात लक्ष नाही एवढ्यासाठीही हा उपचार नाही, ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

फिट, गरोदरपण, हृदयविकार, डोळ्यांचं ऑपरेशन, दारू, यांतलं काही असेल तर आधी सांगा. डोळे दुखत असतील तर तळहातावर टपटप करून किंवा हेडफोनमधल्या आवाजानंही काम होतं. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, फाईल सोबत आणा. घरच्यांनी बाहेर बसावं. आत सासूबाई असल्या की सून बोलत नाही, हे आम्ही बघतो.

आवाजाला दचकणाऱ्यांसाठी एक सूचना. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, त्याआधी दिवाळी. पुढे येणाऱ्या अशा प्रसंगाची तयारी हासुद्धा याच उपचाराचा भाग आहे, पण तो आधीची आठवण निवळल्यावर करता येतो. तेव्हा आदल्या आठवड्यात न येता पावसाळा संपता संपता नाव नोंदवा.