पडली तर उचलणार कोण? ट्रेलवरच्या गाड्यांची पार्श्वभूमी

रविवारी सकाळी पुण्याजवळ मुळशी-वेल्ह्याकडे मातीत गाड्या घालायला निघालेली पोरं बघितली तर आज हिरोच्या एक्सपल्सच जास्त दिसतात, एखाद-दुसरी रॉयल एनफिल्डची हिमालयन असते, आणि हल्ली पिकअपच्या मागे दोरीनं बांधून आणलेली, नंबरप्लेट नसलेली एखादी खरीखुरी डर्ट बाइकही असते. नवीन आलेल्यांना वाटतं हे पहिल्यापासून असंच होतं. कसलं काय! आपल्याकडे मातीसाठी म्हणून बनवलेली गाडी शोरूममध्ये जाऊन विकत घेता यायला लागली त्याला जेमतेम पंधरा वर्षं होतायत, त्याआधी सगळा जुगाड होता. आणि माझं सरळ म्हणणं असं आहे की आपल्या ट्रेलवाल्यांची, म्हणजे मातीच्या, डोंगरातल्या वाटांवर गाडी चालवणाऱ्यांची, आवड पॉवरच्या मागे कधी गेलीच नाही, ती वजनाभोवती फिरत राहिली.

सुरुवात आरएक्स 100 पासून करू. त्याआधी राजदूत होती, मैसूरच्या आयडियल जावाची येझदी होती, दणकट गाड्या, पण अंगानं भारी. 1985 मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरएक्स 100 आणली आणि खेळच बदलला. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 बीएचपी, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. ही मातीची गाडी अजिबात नव्हती, कॉलेजला जायची साधी रस्त्यावरची गाडी होती, पण हलकी होती, अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुढचं चाक उचलायची आणि तिचा मेकॅनिक प्रत्येक गल्लीत सापडायचा. मग पुढचं लोखंडी मडगार्ड काढून प्लॅस्टिकचं उंच लावायचं, सायलेन्सर वर वळवून घ्यायचा म्हणजे ओढ्यात पाणी शिरत नाही, मागचं स्प्रॉकेट दोन-चार दातांनी मोठं टाकायचं, बटण टायर, रुंद हँडल, आणि हौस जास्तच असेल तर सिलिंडरची पोर्टं, म्हणजे आतली हवा-धुराची भोकं, घासून घ्यायची. मागचे शॉक मात्र काही केलं तरी रस्त्याचेच, त्यामुळे मोठी उडी मारली की कंबरेला कळायचं. नव्वदीत टीव्हीएस-सुझुकीची शोगन आली, तिच्यावरही हेच प्रयोग झाले.

टू-स्ट्रोकची खरी मजा ट्रेलवर कळते. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणून छोट्या इंजिनातून भरपूर ताकद. आणि बिघडलीच तर झाडाखाली बसून दुरुस्त. प्लग काळा आणि ओला झाला की पाना लावून काढायचा, पँटला पुसायचा, काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासायचा, फुंकर मारायची, परत लावायचा आणि किक. आज ईसीयूवाली, म्हणजे इंजिन कॉम्प्युटरवर चालणारी, गाडी घाटात बंद पडली की आपण फक्त डॅशबोर्डवरच्या लाल लाइटकडे बघत बसतो.

हे सगळं संपलं ते धुराच्या नियमांमुळे. 1996 ला आणि मग 2000 ला उत्सर्जनाचे नियम कडक झाले. आरएक्स 100 तर 1996 लाच बंद झाली, येझदीही त्याच वर्षी, मागून आलेली आरएक्स 135 अजून काही वर्षं रेटली. बाजारात आता 'एवरेज किती देते' हा एकच प्रश्न उरला होता. मग बीएस-दोन, बीएस-तीन या धुराच्या पुढच्या नियमांच्या काळात आपल्या लोकांनी पल्सर मातीत नेल्या, बुलेट नेल्या, स्प्लेंडरही नेल्या. बाहेरची गाडी मागवायची तर 800 सीसीच्या आतल्या तयार गाडीवरही 60 टक्के ड्यूटी, जी 2018 मध्ये 50 झाली आणि 2025 च्या बजेटमध्ये 40. वर ती रस्त्यासाठी पास नाही, म्हणजे ट्रेलपर्यंत न्यायला टेम्पो वेगळा.

गंमत अशी की बाहेरही टू-स्ट्रोक मागे पडली, पण कारण वेगळं. तिकडे रेसिंगच्या वर्गवारीत फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची मुभा मिळाली, 1998 मध्ये यामाहाची वायझेड 400 एफ विक्रीला आली आणि काही वर्षांत मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या शर्यतीचं, मैदान फोर-स्ट्रोकनं भरलं. जंगलातले, दगडातले एंड्युरोवाले मात्र हलक्या टू-स्ट्रोकला चिकटून राहिले, इतके की केटीएमनं 2018 च्या मॉडेलपासून टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शन देऊन ती जिवंत ठेवली. म्हणजे तिकडच्या दगडात पण मुद्दा तोच, वजन.

आपल्याकडे पहिली प्रामाणिक गाडी म्हणजे हिरोची इम्पल्स, 2011. होंडाच्या ब्राझीलमधल्या ब्रॉस गाडीचं भावंड, 150 सीसी, मोनोशॉक, 245 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, वजन 134 किलो. इंजिन 13 बीएचपीचं, तेवढंच रडगाणं. घाटात ट्रक ओव्हरटेक करताना देव आठवायचा, मातीत मात्र सोनं. लोकांनी तेव्हा घेतली नाही, 2017 च्या सुमारास बंद झाली आणि मग सेकंडहँडमध्ये शोधत फिरले. आपली जुनी खोड.

2016 ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि ट्रेल या शब्दाचा अर्थच जरा सरकला. 411 सीसी, पुढे 21 इंची चाक, सामानासह लडाख-स्पितीला जायची गाडी, आणि त्या कामाला चांगलीच. पण वजन 190 किलोच्या पुढे. एका पावसाळ्यात आमच्यातल्या एकाची भाताच्या बांधावरून खाचरात आडवी झाली, गुडघाभर चिखल, हँडल आत रुतलेलं. तिघं लागलो. एकजण मागचं चाक धरून, एक हँडलला, आणि मालक सीटखाली खांदा घालून, बूट एक चिखलातच राहिला. बांधावर बसलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "बैल लावू का?" पुढच्या वर्षी त्यानं हिमालयन लांबच्या टूरला ठेवली आणि मातीला एक्सपल्स घेतली.

एक्सपल्स 200 मे 2019 ची. 199.6 सीसी, 18 बीएचपीच्या आसपास, वजन 154 किलो, 21 आणि 18 इंची स्पोकची चाकं, आणि कार्ब्युरेटरवाली लाखाच्या आत. हा आकडा महत्त्वाचा, कारण पडून-झडून शिकायची गाडी ईएमआयवर घेतलेली असली तरी जीव फार दुखायला नको. पुढच्या वर्षी कंपनीनंच रॅली किट काढलं, पुढे 250 आणि मागे 220 मिलिमीटर सस्पेन्शन ट्रॅव्हल. जे काम आपण आरएक्सला वेल्डिंग करून करायचो ते आता डब्यातून मिळायला लागलं.

यामागे डकार या लांब पल्ल्याच्या, खडतर रॅलीचाही हात आहे. 2015 मध्ये सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला, 36 वा आला, मग हिरो स्वतःची टीम घेऊन उतरली, आणि 2024 ला हरिथ नोहनं रॅली 2 क्लास जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत बालेवाडीच्या स्टेडियममध्ये माती टाकून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. ते बघून घरी आलेल्या पोरांना मग एक्सपल्स पण जड वाटायला लागली, स्वाभाविक आहे.

म्हणून आता पुढचा टप्पा. कावासाकीची केएलएक्स 230 डिसेंबर 2024 ला 3.30 लाखांना आली तेव्हा बघून सगळे पुढे निघून गेले, पुढच्या वर्षी किंमत दोन लाखांच्या आत आल्यावर परत मागे वळले. 2025 लाच केटीएमची 390 एंड्युरो आर आली, ताकद भरपूर पण वजन परत 170 च्या वर. केएलएक्स भरते 139 किलो, रस्त्यावर नंबरप्लेट लावून चालते. चाळीस वर्षांपूर्वीची आरएक्स अजूनही तिच्यापेक्षा तीस-पस्तीस किलोनं हलकी आहे, आणि हो, आमच्याबरोबर एकजण अजून तीच घेऊन येतो, तिला खाचरातून तो एकटाच बाहेर काढतो.