आयसोफिक्स म्हणजे आय-साइज नव्हे

शोरूममधल्या मुलाने मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली, आतली लोखंडी दांडी दाखवली आणि म्हणाला, "सर, आयसोफिक्स आहे. बेबी सीटचं टेन्शनच नाही." मी विचारलं, "आणि आय-साइज?" "तेच ते, सर."

ते तेच नाही. नावं सारखी वाटतात, दोन्ही बेबी सीटच्या खोक्यावर असतात, त्यामुळे गोंधळ होणारच. पण एक आहे अडकवण्याची पद्धत आणि दुसरी आहे अख्खी नियमावली.

आधी आयसोफिक्स. याचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ साली आलं. सीटची गादी आणि पाठ जिथे मिळतात तिथे खोलवर, गाडीच्या सांगाड्याला पक्क्या जोडलेल्या दोन दांड्या. जाडी ६ मिलिमीटर, दोघींत अंतर २८० मिलिमीटर. बेबी सीटचे दोन हात त्यांच्यावर 'खट्ट' बसतात आणि खूण हिरवी होते. गाडीच्या बेल्टने सीट आवळताना बेल्ट कुठून कसा घ्यायचा यात भलेभले चुकतात. ती चूक टळावी हाच याचा हेतू.

आता गोम अशी, की दोनच ठिकाणी धरलेली वस्तू धडकेत पुढे कलंडते. म्हणून तिसरा आधार लागतो. तो एक तर टॉप टेदर, म्हणजे सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा, नाहीतर बेबी सीटच्या पुढून गाडीच्या तळाला टेकणारा पाय. टेदरचं कडं सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर असतं, हॅचबॅकमध्ये बहुधा सीटच्या पाठीवर किंवा डिकीत. जवळ नांगराचं चित्र असतं. डिकीत सामान बांधायची कडीही असते; टेदर तिला अडकवायचा नाही. दोन हात लावून टेदर लोंबकळता ठेवणारे आईबाप मी इतके पाहिलेत, की आता पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या गाडीत डोकावायची खोड लागली आहे.

आय-साइज हा संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या वाहन नियमाचा भाग. नियम २०१३ साली लागू झाला. यात आयसोफिक्स गृहीतच आहे, पण पुढे बरंच काही आहे. जुना ४४ क्रमांकाचा नियम मुलाच्या वजनावर चालतो: ० ते १३ किलो, ९ ते १८ किलो. आता, चालू महिन्यात बाळाचं वजन किती हे किती जणांना ठाऊक असतं? आय-साइज उंचीवर चालतं, सेंटिमीटरमध्ये. बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी जुन्या नियमात नव्हती, यात आहे. आणि मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूलाच हवं.

या शेवटच्या अटीवर घराघरांत वाद होतात. "पाय दुमडतात गं त्याचे, पुढे तोंड करून बसव की." पाय दुमडले तर काही बिघडत नाही. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कोवळी. समोरून धडक बसली की उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ तिघांना सीटची पाठ एकदम झेलते. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांनी थांबतं आणि डोकं एकटं पुढे झेपावतं. १५ महिने ही किमान मर्यादा आहे. सीटमध्ये मावतंय तोवर उलटंच बसवावं. मात्र एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलटी बेबी सीट कधीच नाही.

आई म्हणाली, "अरे, मी आहे ना, मांडीवर घेईन." मी तिच्यासमोर हिशेब मांडला. दहा किलोचं बाळ, ताशी ५० किलोमीटर वेग, गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. हातांवर साधारण १४० किलोचा ओढा येतो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या."

गाडी घेताना फरक पडतो तो असा. टेकणारा पाय असलेली जुन्या नियमाची सीट प्रत्येक गाडीत चालेलच असं नाही. सीट कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल हवं, कारण पाय कशावर टेकणार हे गाडीवर ठरतं. मागच्या पायदानाखाली चपला-छत्री ठेवायचा कप्पा असला, तर पाय त्याच्या झाकणावर येतो, आणि ते झाकण धडक सोसायला बनवलेलं नसतं. आय-साइजची खूण असलेल्या गाडीच्या सीटपुढे मात्र पाय टेकायला पुरेशी मजबूत जागा असावीच लागते. गाडीची ती जागा आणि आय-साइज बेबी सीट एकमेकांना जुळतात. यादी चाळावी लागत नाही.

हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा गाडीचं मॅन्युअल मागा. त्यात प्रत्येक आसनासाठी तक्ता असतो. 'आय-यू' म्हणजे आय-साइज चालेल, 'एक्स' म्हणजे तिथे नको. सात आसनी गाडीत आयसोफिक्स बहुधा मधल्या रांगेच्या कडेच्या दोन सीटांनाच असतं. जुळी मुलं आणि मध्ये आजी, असा बेत असेल तर आजीलाच सोबत घेऊन शोरूम गाठा.

अमेरिकेतून कुणी प्रेमाने सीट आणली, तर तिसराच घोळ. तिथल्या पद्धतीचं नाव लॅच. दांड्या तशाच, पण बहुतेक सीटांना कडक हातांऐवजी हुकवाला पट्टा असतो, आणि तिथल्या नियमाची सीट ना ४४ ची, ना १२९ ची.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमात १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बेबी सीटशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आहे. गाड्यांची धडक-चाचणी घेऊन त्यांना तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९ गुण आहेत. गाडीचे तारे मोजताना हा आकडाही बघावा.

आम्ही शेवटी बेबी सीट काखोटीला मारून शोरूममध्ये गेलो. पहिल्या गाडीत पाय नेमका कप्प्याच्या झाकणावर आला. दुसरीत नीट टेकला, पण उलट्या सीटला जागा द्यायला ड्रायव्हरची सीट इतकी पुढे घ्यावी लागली, की माझे गुडघे डॅशबोर्डला लागले. "डावीकडे लाव," बायको म्हणाली, "तसंही बाळाला फुटपाथच्या बाजूनेच उतरवायचंय." डावीकडे लावली. बसली. आता पुढे डाव्या सीटवर कोण बसणार, यावर घरी चर्चा चालू आहे. बायकोची उंची कमी, त्यामुळे निकाल तिच्याच बाजूने लागेल असं दिसतंय.