दार बुजवणे

घराच्या बाहेरच्या भिंतीतील नको असलेले दार चौकटीसह काढून ती जागा कायमची बंद करण्याच्या कामाला दार बुजवणे म्हणतात. नागपुरात हे काम बहुधा विटांनी होते. लोखंडी सांगाडा आणि सिमेंट बोर्डची भिंत मुख्यतः वरच्या मजल्यावर किंवा वजन नको असेल तिथे घालतात. अमेरिकेत बहुतेक घरेच लाकडी सांगाड्याची असल्याने तिथे दाराच्या जागीही लाकडी उभे खांब आणि फळ्या येतात. इथल्या वीटभिंतीत त्याला अर्थ नाही.

कारणे तीन-चारच असतात: वास्तूच्या समजुतीने दक्षिणेचे दार नकोसे होते, महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या वाटण्या होतात, खोलीत पलंग-कपाटाला सलग भिंत लागते. चौथे कारण खास उन्हाळ्याचे. दार बुजवतानाच त्यात कूलरसाठी खिडकी ठेवतात. लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, आयतेच असते, त्यामुळे भिंत नव्याने फोडावी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोके मिळून खोलीच्या जमीनक्षेत्राच्या किमान एक दशांश असावेत. १० × १२ फुटांच्या खोलीला म्हणजे १२ चौरस फूट. यात दार धरत नाहीत. उरलेल्या खिडक्यांनी हा हिशेब बसत नसेल तर ३ × ४ फुटांची खिडकी ठेवावीच. कूलर मात्र एकट्या खिडकीवर चालत नाही. समोरून हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली फक्त दमट होते.

चौकट काढल्यावर ३ × ७ फुटांची जागा उरली, तर ९ इंची भिंतीला सुमारे २०० विटा लागतात. एकास सहाचा मसाला (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) आणि दोन्ही बाजूंचे एकास चारचे प्लास्टर धरून दीड पोती सिमेंट आणि ८-९ घनफूट रेती पुरते. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेमुळे फ्लाय अ‍ॅशच्या विटा इथे सहज मिळतात. मातीची वीट पाण्यात भिजवून लावतात; राखेच्या विटेवर नुसते पाणी शिंपडले तरी भागते.

काम बिघडते ते बहुधा चौकट तशीच ठेवल्यामुळे. पैसे वाचवायला मिस्त्री फक्त दाराचा पल्ला काढतो आणि चौकटीच्या आतच विटा भरतो. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, शिवाय वाळवीला घर मिळते. कामानंतरचा पहिला उन्हाळा सरला की प्लास्टरवर दाराचा आकार भेगांनी उमटतो, जणू कोणी पेन्सिलीने काढला आहे. म्हणून चौकट होल्डफास्टसकट, म्हणजे तिला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांसकट, उपटावी. त्याआधी बेल आणि स्विचबोर्डच्या वायरी कुठून गेल्या आहेत ते पाहून मेन बंद करावा, कारण त्यांचे पाइप बहुतेक चौकटीलगतच असतात.

नंतर दोन्ही बाजूंचे जुने प्लास्टर ४ इंच सोलून वीट उघडी करतात. जुन्या-नव्या भिंतीची पकड हा कामाचा गाभा. जुन्या भिंतीत एकाआड एक थराला दाते, म्हणजे नव्या विटा अडकायला खाचा, काढणे उत्तम. ते जमत नसेल तर दर चौथ्या थराला ६ मिलिमीटरची सळई ३-४ इंच आत ठोकून मसाल्यात पुरतात. एका दिवसात ४ फुटांवर चढू नये. लिंटेलखालची शेवटची फट दुसऱ्या दिवशी घट्ट मसाल्याने ठासून भरावी, कारण ताजे बांधकाम थोडे बसते आणि त्याच दिवशी भरलेली फट पुन्हा उघडते. उभ्या सांध्यावर ८-९ इंच रुंद कोंबडीजाळी ताणून मगच प्लास्टर करतात.

दुसरी चूक तळाशी होते. उंबरठ्याचा दगड न काढता त्यावरच भिंत उभी केली, तर बाहेरच्या ओट्यावर साचलेले पावसाचे पाणी दगडाखालून आत शिरते आणि आतल्या भिंतीला फूटभर ओल चढते. दगड काढून वॉटरप्रूफिंग पावडर घातलेली दीड इंची काँक्रीट पट्टी टाकावी, ओट्याचा उतार बाहेर वळवावा. हे काम मे महिन्यात केले तर भिंतीवर ओली पोती लटकवून १० दिवस पाणी मारावे. दुपारच्या उन्हात मसाला तासाभरात कोरडा पडतो आणि हाताने खरवडला तरी भुरभुरतो.

साडेचार इंची भिंत घालून आतून कोनाडा काढण्याची टूम आकर्षक खरी. पण पश्चिमेच्या भिंतीत तेवढा तुकडा संध्याकाळी हाताला तापलेला लागतो.

९ इंची भराव साडेआठशे किलोच्या घरात जातो, सांगाड्याची भिंत शंभर किलोच्या आत राहते. खाली बीम नसेल, नुसता बाल्कनीचा स्लॅब असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. जस्ताचा मुलामा असलेल्या उभ्या पट्ट्या जास्तीत जास्त २ फुटांवर, मध्ये उष्णता अडवायला ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी लोकर), बाहेरून किमान ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. ८ × ४ फुटांचा एक बोर्ड एका बाजूला पुरतो, त्यामुळे मध्ये सांधा येत नाही. खालची पट्टी फरशीवर न ठेवता ४ इंची काँक्रीटच्या कट्ट्यावर बसवतात आणि कडेच्या फटी सिमेंटने न भरता लवचिक सीलंटने भरतात. सिमेंट तडकते, पाणी आत जाते, पट्टी गंजते. जड टीव्ही टांगायचा असेल तर जागा आधीच ठरवून आत आडवी पट्टी घालावी लागते.

फ्लॅटची बाहेरची भिंत सगळ्यांची असल्याने सोसायटीची लेखी संमती लागते. बाहेर पडायचा दुसरा मार्ग उरत नसेल तर ते दार बुजवू नये.