विधिसंघर्षग्रस्त बालकाचे शिक्षण : अर्ज कुठे करायचा, कागदपत्रे कोणती आणि वर्तनाचे नियम काय

मुलावर गुन्हा नोंदला गेला (अशा मुलाला कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो) की घरचे वकिलाच्या मागे लागतात आणि शाळेचे ‘नंतर बघू’ म्हणतात. या ‘नंतर’मध्ये सहामाही बुडते, दहावीचा परीक्षा अर्ज भरायचा राहतो आणि वर्ष हातचे जाते. खरे तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५३ नुसार शिक्षण ही बालगृहांनी आणि निरीक्षणगृहांनी (चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ती गृहे) पुरवायचीच सेवा आहे. ती चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. गृहाचे अधीक्षक असोत की पालक, दोघांनीही हे आधी मनाशी पक्के करावे.

कोणाला लागू

कृत्य घडले त्या दिवशी वय १८ पूर्ण नव्हते, असा प्रत्येक मुलगा किंवा मुलगी. चौकशी चालू असताना अठरावे संपले तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच (मुलांवरच्या गुन्ह्यांची चौकशी करणारे मंडळ, पुढे नुसते ‘मंडळ’) राहते. वयाबद्दल वाद झाला तर कलम ९४ मधला क्रम पाळला जातो. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि यातले काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. म्हणजे शाळेचा कागद इथे सगळ्यात वजनदार. तो पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या (मुलाची माहिती घेऊन मंडळाला अहवाल देणारा प्रोबेशन ऑफिसर) तेव्हाच कानावर घाला.

मूल जामिनावर घरी असेल तर

त्याच शाळेत जायला काहीही आड येत नाही. शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या शाळेला आठवी पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याला काढून टाकता येत नाही (कलम १६). शाळा बदलायची असेल तर दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही, मात्र हेही आठवीपर्यंतच. नववीपासून पुढे हे कवच नाही. तिथे शाळेने आडमुठेपणा केला तर मंडळापुढे अर्ज करणे हाच सरळ मार्ग. अंतिम आदेश देताना मंडळ कलम १८(२) खाली ‘शाळेत जावे’ असा स्वतंत्र आदेश देऊ शकते आणि असा लेखी आदेश हातात असला की मुख्याध्यापकांशी बोलणे पुष्कळ सोपे होते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. शाळेत जाणे मग अट बनते, आणि दांड्या मारल्या तर ते परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात येते.

मूल गृहात असताना परीक्षा आली तर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कलम ९८ नुसार मंडळ मुलाला देखरेखीखाली रजा देऊ शकते आणि रजेच्या कारणांमध्ये परीक्षेचा उल्लेख कायद्यातच आहे. मुदत साधारणपणे एका वेळी सात दिवस, प्रवासाचा वेळ सोडून. आता दहावीचे वेळापत्रक बघा. पेपरांमध्ये सुट्ट्या धरून ते सात दिवसांत कधीच संपत नाही. त्यामुळे ‘परीक्षेसाठी रजा मिळावी’ एवढेच मोघम लिहिले तर निम्म्या पेपरांनंतर पुन्हा धावपळ करावी लागते. अर्जात प्रत्येक पेपरची तारीख, वेळ आणि केंद्राचे नाव लिहा. ‘सलग रजा शक्य नसल्यास प्रत्येक पेपरच्या दिवशी गृहातून केंद्रावर नेऊन परत आणण्याची परवानगी मिळावी’ अशी पर्यायी मागणीही त्यातच घाला. सोबत येणारे कर्मचारी साध्या वेशात असावेत, हे एक वाक्य जोडायला विसरू नका. केंद्राबाहेर सगळा वर्ग उभा असतो.

अर्ज पालकांनी करावा आणि तो अधीक्षकांमार्फत मंडळाकडे जावा. सोबत हॉल तिकीट, वेळापत्रक, पालकांचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडा. पोच घ्या. रजेचे दिवस गृहातल्या मुदतीतच धरले जातात, ते वाढत नाहीत. मात्र मूल वेळेवर परतले नाही तर मंडळ त्याला पुन्हा ताब्यात घ्यायला लावू शकते.

शाळा आधीच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते किंवा मुक्त विद्यालयात नाव घालता येते. १७ नंबरच्या फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात. वकील कलम कोळून प्यालेला असतो, पण या फॉर्मची शेवटची तारीख त्याच्या डायरीत नसते. ती पालकांनीच पाहायची.

वर्तनाचे नियम

गृहात दिनक्रम लावलेला असतो. व्यायाम, वर्ग, व्यवसाय प्रशिक्षण, खेळ अशी त्याची घडी असते. मोबाइल, तंबाखू, नशेचे पदार्थ, हत्यारे आत आणायला सक्त मनाई. भेटीला जाताना पिशवी नीट तपासून न्या. प्रेमाने नेलेली वस्तू मुलाच्याच अंगाशी येते.

नियम मोडल्याचे परिणाम कुठपर्यंत जातात, हे कायद्यात स्पष्ट आहे. विशेष गृहातल्या (मंडळाच्या अंतिम आदेशानंतर मुलाला ठेवतात ते गृह) मुलाचे वागणे त्याच्या किंवा इतर मुलांच्या हिताला बाधक ठरले, तर मंडळ त्याला ‘सुरक्षित ठिकाणी’ (पोलीस कोठडी किंवा तुरुंग नव्हे, वेगळी ठेवण्याची जागा) हलवू शकते. पळून गेला तर पोलीस ताब्यात घेऊन २४ तासांत मंडळापुढे आणतात, पण निव्वळ पळाला म्हणून नवा खटला चालवता येत नाही (कलम २६). मारहाण ही मात्र शिस्त नाही, गुन्हा आहे. कलम ८२ खाली पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्या कर्मचाऱ्याला १०,००० रुपये दंड, त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मुलांच्या समित्या आणि सूचनापेटी तक्रारीसाठीच असतात. मुलाला तिथे बोलायचे धाडस होत नसेल तर पालकांनी थेट मंडळाला लिहावे.

सुटल्यानंतर

शाळेच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ असे दोन रकाने असतात. दाखला हातात पडताच ते तिथल्या तिथे वाचा. मंडळातल्या प्रकरणाचा उल्लेख दिसला तर टेबलावरून हलू नका, दुरुस्ती मागा. मुलाची ओळख, पत्ता आणि शाळा प्रसिद्ध करणाऱ्याला कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनाही चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करता येत नाही.

कलम २४ नुसार दोषी ठरल्याची अपात्रता मुलाला चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. १६ वर्षांवरच्या ज्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात (किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा) बाल न्यायालयाने (मंडळ अशी प्रकरणे जिथे पाठवू शकते ते न्यायालय) दोषी ठरवले आहे, त्याला ही सवलत नाही. अपिलाची मुदत आदेशापासून ३० दिवस. ती उलटली की नोंदी नष्ट करण्याबाबत मंडळाकडे लेखी विचारणा करा आणि अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घरी ठेवा, शाळेच्या कागदांच्या फायलीत नव्हे, वेगळ्या फायलीत.